सेफोच्या वाटेनं

"आई, पुन्हा तोंड उघडं ठेवून गोठलीस!" ऑकलंडहून व्हिडिओ कॉलवर लागी हसली. "तुझं इंटरनेट अजून सेफोदादाच्या लॅपटॉपमधून फिरून येतंय. ती प्रॉक्सी बंद कर बघू."

पेनिनानं ती बंद केली. पडदा लख्ख झाला. लेकीच्या मांडीवरच्या तान्ह्याच्या पापण्यासुद्धा दिसल्या.

"बघ! आता त्याचा लॅपटॉपही बंद करून टाक. कुठाय तो?"

पेनिनानं दारातून अंगणातल्या सेफोच्या थडग्याकडे पाहिलं. "पुरताना त्याच्या उशाशी ठेवला, गं. चटईत गुंडाळून. तू नव्हतीस तेव्हा."



पेनिनानं प्रॉक्सी पुन्हा चालू केली. बाळ तुकड्यातुकड्यांनी, अडखळत दिसू लागलं.

"हळूच येऊ दे," ती म्हणाली. "मामाचं बघून झालं, की येतंय माझ्याकडे."