सरळ केस

ओजसच्या पहिल्या वाढदिवसाला दुबई मरीनाच्या फ्लॅटवर बरेच पाहुणे येणार होते.

"नाकातो, फोटोत तूही असणार," ओजसला सांभाळायला युगांडाहून आलेल्या बाईला त्याची आई रंजिता म्हणाली. "ते केस तेवढे सरळ करून घे. असं जंगल बरं नाही दिसत. आता तू आमच्या घरचीच ना?"

"मॅडम, त्या क्रीमनं माझं डोकं भाजतं. म्हणून तर मी ते सोडलं."

"अगं, आम्ही सगळ्याच करतो की! जमणार नसेल तर एजन्सीला कळवते, खलास."

त्या क्रीममधला क्षार केस सरळ करतो आणि टाळूची कातडीही जाळतो, हे नाकातोला ठाऊक होतं. नोकरी गेली की व्हिसा जातो, हेही ठाऊक होतं. तिनं क्रीम लावलं, दात घट्ट आवळून सहन केलं आणि ओल्या जखमांवरून केस विंचरून ती फोटोला उभी राहिली. फोटो छान आले.

ओजस मात्र तिच्याकडे जाईना. जन्मल्यापासून तो तिच्या कुरळ्या केसांत बोटं रुतवूनच झोपायचा. आता तो तिच्या डोक्याला हात लावायचा आणि किंचाळायचा. आठवडाभर घरात कुणाला धड झोप मिळाली नाही.



शेवटी रंजितानं एजन्सीला फोन लावला. "हिला परत न्या आणि दुसरी पाठवा. पण कुरळ्या केसांचीच हं, बाळाला तीच सवय आहे."