महत्त्वाचा फोन

जहाजावरच्या आम्हा प्रवाशांना दिवसभर शहर दाखवून बस परत धक्क्याला लागली. माझा गुडघा दुखतो म्हणून गाईडबाईंनी प्रत्येक चढावर अख्खा घोळका थांबवला होता, आमचे फोटोही हौसेने काढले होते. आता त्या बसच्या दाराशी उभ्या होत्या आणि उतरणारा जो तो त्यांच्या हातात घडी केलेली नोट सरकवत होता.

"अहो, काहीतरी द्या त्यांना," बायको कुजबुजली.

"पॅकेजमध्ये सगळं आलं," असं म्हणून मी खिशातून फोन काढून कानाला लावला. "हॅलो! बोला साहेब! आवाज तुटतोय जरा..." असं ओरडत, बाईंकडे न बघता, मी तरातरा जहाजाच्या शिडीपर्यंत पोहोचलोसुद्धा. गुडघ्याने हूं की चूं केलं नाही.

मागून बाई धापा टाकत आल्या आणि माझ्या बोलण्यात खंड पडेपर्यंत अदबीने उभ्या राहिल्या. मग हात पुढे करून म्हणाल्या, "साहेब, तुमचा फोन सीटवर राहिला होता."



"बरं, ठेवतो हं," मी माझ्या चष्म्याच्या डबीला म्हणालो.