चौथी फेरी

माझे बाबा हवाई दलातले आणि सासरे पायदळातले. त्यामुळे दोघे व्याही चहाला बसले की वाद ठरलेला: जमिनीवरच्या जवानांना खरी साथ कोणतं विमान देतं?

"वेगवान जेट," बाबा म्हणाले. ते त्यांना कधी चालवायला मिळालं नाही, ती गोष्ट वेगळी.

"त्याला खाली आम्ही दिसतो तरी का? आवाज ऐकून मान वर करावी, तर साहेब पसार!" सासरे हसले. "आम्हाला तारलं ते रडतखडत उडणाऱ्या, पंख्याच्या एका जुन्या डबड्यानं. तीन फेऱ्यांत त्यानं गोळ्यांचा पाऊस पाडला. चौथ्यांदा अगदी डोक्यावरून गेलं, पण गोळी एकही झाडली नाही. तरी समोरच्यांनी भिऊन माना खाली घातल्या आणि आम्ही ओढा पार केला. पण त्यानं गोळ्या कशासाठी वाचवल्या, कोण जाणे!"

"वाचवल्या कुठल्या? संपल्या होत्या," बाबा कपात बघत पुटपुटले.

सासऱ्यांचा कप तोंडाशीच थांबला. "मग रिकाम्या हातानं परत कशाला आलात?"

"काय करणार? तीन फेऱ्या झाल्या, तरी तुम्ही लोक जागचे हलेनात!"