संत्र्याच्या बगीच्यातले पिंजरे

प्रमिला बगीच्यात पोचली तेव्हा मोतीरामच्या गुडघ्यावर तिसरी काठी पडत होती. हाड मोडल्याचा आवाज तिनं शेताच्या धुऱ्यावरूनच ऐकला.

संत्र्याच्या झाडाखाली दहा-बारा जण त्याला घेरून उभे होते. बाजूला तीन लोखंडी पिंजरे; आत लाल तोंडाची माकडं सळया दाताखाली धरून किंचाळत होती. चौथ्या पिंजऱ्याच्या दारात मान अडकून एक मादी मेली होती, आणि कोणीतरी तिच्यावर आपला कोरा दुपट्टा पांघरला होता. मोतीरामच्या कपाळातून रक्ताची धार लागली होती, ते पुसायला मात्र कोणापाशी चिंधी नव्हती!

"कोणाच्या सांगण्यावरून आला बे?" बापूजींनी त्याचे केस धरून डोकं मागं ओढलं. बापूजी म्हणजे गावातलं मोठं माणूस, दर शनिवारी जामसांवलीला जाऊन मारुतीला नारळ फोडणारं. "हनुमानाची सेना पकडून राहिला? कोणी बोलावलं तुले?"

मोतीराम माकडं पकडून प्रयोगशाळेला पुरवायचा. खिशात सरकारी परवाना घेऊन आला होता, पण तो केव्हाच फाटून झाडाच्या आळ्यातल्या चिखलात गेला होता. त्यानं कोणाचं नाव घेतलं नाही. नजर तेवढी गर्दीतल्या गुणवंतावर गेली.

गुणवंता प्रमिलाचा नवरा. बगीचा त्याचा, आणि पत्र टाकून मोतीरामला बोलावणाराही तोच. माकडांनी साऱ्या बहाराचं वाटोळं केलं होतं. मोतीरामची नजर त्यानं ओळखली, आणि आता आपलं बिंग फुटतं म्हणून चौथी काठी त्यानंच घातली. त्याच पायावर.

प्रमिलाच्या अंगाचा भडका उडाला. काल संध्याकाळी हाच माणूस मोतीरामला आग्रह करकरून भाकर वाढत होता! जेवता जेवताच मोतीरामनं सांगितलं होतं, पोलिओच्या डोजची प्रत्येक खेप आधी माकडाला टोचतात म्हणून. "माकडाचे पाय गेले तर खेप फेकून देतात, बाई. नाही गेले, तरच पोराइले पाजतात."

"अन् पाय नाही गेले त्या माकडाचं?" तिनं विचारलं होतं.

"त्यालेही मारतात. चिरून पाहा लागते नं."

प्रमिला अंगणवाडीची बाई. गावातली लेकरं ओढून आणून त्यांना डोज पाजायचं काम तिचंच. तिची स्वतःची लेक रजनी मात्र गावात डोज यायच्या आधीच पोलिओनं एका पायानं अधू झाली होती. माकडाचं ते ऐकून प्रमिला हातातली भाकर ताटात ठेवून उठली होती. पण "नेऊ नका" असंही तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

आता ती गर्दीत घुसली आणि मोतीरामच्या आडवी उभी राहिली.

"आम्ही बोलावलं त्याले. मी अन् रजनीचे बाबा."

गुणवंतानं फाडकन तिच्या थोबाडीत दिली. "हिचं डोकं फिरलं, बापूजी! काहीही बोलून राहिली."

"मारा," ओठातलं रक्त थुंकून ती म्हणाली. "पण जे डोज मी तुमच्या पोट्ट्याइले पाजतो, ते आधी या माकडाइवर पाहून येतात. आता मारा."

काठ्या थांबल्या. पिंजऱ्यातली माकडं तेवढी ओरडत होती.

"म्हणजे देवाले लंगडं करायचं, अन् आपले पोट्टे पळवायचे?" बापूजी गरजले. "लाज नाही वाटत तुले?"

"वाटते नं! कालपासून पाणी गिळवत नाही मले. पण रोज रजनीले कडेवर घेऊन शाळेत नेतो, तेही नाही गिळवत. तुम्ही मोठे आहा. तुम्हीच सांगा मले, काय करू?"

सांगतो कोण! त्यापेक्षा पिंजरे फोडणं सोपं. सगळे तिकडं धावले. पहारीनं कड्या तुटल्या आणि माकडं उधळली. सुटता सुटता एकानं बापूजींच्या मनगटाचा लचका तोडला. बापूजींचा हात सवयीनं दगडाकडे गेला. मग लोक बघताहेत हे ध्यानात आलं आणि त्यांनी तोच हात कपाळाला लावून नमस्कार केला.

तासाभरात मेलेल्या मादीसाठी बांबूची तिरडी बांधली गेली. गुलाल आला, टाळ-मृदंग आले, गावातल्या बाया फुलं घेऊन आल्या. पहिला खांदा गुणवंतानं दिला. प्रमिलानं लुगड्याची किनार टरकावली, दोन काटक्या लावून मोतीरामचा पाय बांधला. तो ओरडत होता, पण भजनाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार?

मिरवणूक धुऱ्यानं निघाली तसे बापूजी मागं राहिले. मनगटाला बांधलेला रुमाल लालभडक झाला होता. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून ते खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, उद्या शाळेत डोज हाय नं? आमच्या नातवाचं नाव लिहून ठेवजा. दोन महिन्याचा झाला तो."

शिवी प्रमिलाच्या अगदी ओठावर आली होती. पण दोन महिन्यांच्या लेकरानं कोणाचं काय वाकडं केलं?

"लिहितो," ती म्हणाली. "अन् बापूजी, तिरडी मोकळी झाली की इकडं पाठवा. जिता माणूस न्यायचा हाय."