पाच हजार शेणी

"आमच्याच शेणी लावा," उदयसिंह चमनला म्हणाला. "आईनं दिल्यात. आबांना घरच्याच हुंदेत."

चमन महापालिकेचा माणूस. नदीकाठच्या स्मशानात वीस वर्षं सरण रचतोय. तो जागचा हलला नाही. उदयसिंहाच्या आईकडं, आक्काकडं बघत राहिला.

उदयसिंहाच्या आबांना, बाळासोंना चौथऱ्यावर ठेवलं होतं. शिवाजी पेठेतली पन्नासेक माणसं भोवती उभी होती. बाई एकटी आक्काच. बाईमाणसानं इथं येऊ नये, असं तिला सांगायची छाती पेठेत कुणाची नव्हती. स्मशानाच्या दारातच गॅसच्या नव्या दाहिनीचं कुणीतरी सुचवलं, तासाभरात उरकतं म्हणाला. "माझा नवरा काय चपाती हाय व्हय, गॅसवर ठिवायला?" एवढं बोलून आक्का पुढं झाली होती.

ह्या गावात मेलेल्याच्या घरच्यांना खिशात हात घालावा लागत नाही. गाडी फुकट, सरणाच्या गोवऱ्या, म्हणजे शेणी, फुकट. होळी आली की घराघरांतून शेणी येतात आणि त्या वर्षभर पुरवायच्या. गावाला त्याचा ताठा आहे, आणि असावाच. भिंतीवर यंदाच्या देणाऱ्यांचा फलक आहे. पहिलं नाव आक्काचं. पुढं पाच हजार.

"नको," आक्का म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या लाव."

"का गं आई?"

"नको म्हटलं न्हवं एकदा."

हंबीरराव बाळासोंचे तालमीतले जोडीदार. त्यांनी उदयसिंहाच्या खांद्यावर हात ठेवला. "आईचं मन वळख की लेका. चांगलं ते गोरगरिबाला ऱ्हाऊ दे म्हणती ती. उगंच न्हाय बोर्डावर पयलं नाव."

माणसांनी माना डोलावल्या. एकानं डोळे पुसले. आक्काला ते बघवेना. ती चमनच्या मागोमाग शेणीच्या शेडमध्ये शिरली.

तिचा ढीग डाव्या हाताला होता. एकसारख्या गोल, कडेला कुठं चीर नाही, वर तिची बोटं उमटलेली. होळीला ट्रॉलीवर चढवल्या तेव्हा पेठेनं फोटो काढले होते.

गोठ्यात सहा म्हशी होत्या तेव्हा पाच हजार सहज व्हायच्या. पेठेतला रस्ता रुंद झाला, धंदा वाढला, आणि गोठ्याचे तीन गाळे निघाले. एकात मोबाईल, एकात केक, एकात चष्मे. म्हशी दोनच राहिल्या. पण आकडा खाली आलेला आक्काला चालणार नव्हता. दारात नव्या पाइपलाइनीचा चर खणला होता, मऊ मातीचा ढीग पडला होता. पाटी शेणाला पाटी माती, असं तिनं महिनाभर थापलं. बाळासोंनी बघितलं होतं. दोन दिवस मुकाट्यानं जेवले.

"तुला कळलंय," आक्का म्हणाली.

"पयल्याच दिवशी. हातात घेतल्यावर वजन सांगतंय की."

"मग बोलला का न्हाईस?"

"दान हाय, आक्का. दानाला कुठं नाक मुरडायचं?" चमन दुसऱ्या ढिगातल्या शेणी पाटीत भरू लागला. भरता भरता थांबला. "एकदाच लावल्या तुमच्या. त्या दिशी लई मयती हुत्या, बाकीच्या संपल्या. गडमुडशिंगीची पोरगी हुती, अकरा वर्साची. दवाखान्यातनं सरळ हितंच आणलीती. पेटंना. तीनदा कापूर घातला, तूप वतलं. नुसता धूर."

आक्कानं शेडच्या खांबाला हात लावला.

"आई हुती तिची संगं. ती म्हणाय लागली, पोरगी सायकल मागत हुती, आमी घितली न्हाय. रुसलीया माझ्यावर, पेटायची न्हाय ती. पोरीच्या पाया पडली, आक्का. आई असून. माफ कर म्हणून."

"तू काय सांगितलंस तिला?"

"म्या काय सांगणार? भिंतीवर तुमचं नाव."

त्यानं पाटी उचलली आणि गेला. आक्का मागनं आली.

सरण रचून झालं. कुठल्या कुठल्या घरच्या शेणी, लहानमोठ्या, वेड्यावाकड्या, एखादीवर लहान पोराचा पंजा. उदयसिंहानं फेरे घातले, मडकं फोडलं, अग्नी दिला. सरणानं एकदम जाळ धरला. बघता बघता माणसाच्या डोक्यावर गेला, आणि पुढची माणसं दोन पावलं मागं सरली.

"बघा," हंबीरराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "समाधानानं गेला माझा गडी. जीव कशात अडकला न्हाय त्येचा. ज्येची इच्छा ऱ्हाती त्यो असा पेटत न्हाय."

आक्कानं पदर डोक्यावरून खाली घेतला. सकाळपासून ती रडली नव्हती, आताही रडली नाही.

"इच्छेचं काय घिऊन बसलाय, हंबीरराव," ती म्हणाली. "ह्या शेणीत माती न्हाय. माझ्या शेणीत म्या घातलीती."