जत्रेदिवशीचं दूध

"घरचा माणूस मी कामाला ठेवत न्हाय म्हंजे न्हाय!" हंबीररावांनी सख्ख्या भाच्याला दारातूनच वाटेला लावलं आणि बाकावरच्या कृष्णातकडं वळले. "या पावणं, आत या."

साल १९९९. कोल्हापूरच्या राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. कृष्णात हुपरीहून एस.टी.नं आला होता, थोरल्या भावाचा शर्ट घालून. दिवाळीपर्यंत नोकरी लागली नाही तर घरच्या चांदीच्या कामाला बसायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. त्याचा जीव मात्र कॉम्प्युटरवर जडला होता.

प्रश्न विचारायला हंबीररावांची लेक संयोगिता होती. कंपनीतलं निम्मं काम तीच ओढायची.

"दिवसभरात आलेल्या दुधाची सरासरी फॅट काढायचा प्रोग्राम लिहा."

दहा मिनिटांत लिहून झाला. गडी खूश.

"आणि दूध आलंच न्हाय तर?"

"असं कुठं हुतंय व्हय?"

"जत्रेदिवशी हुतंय की. सगळं दूध घरातच लागतंय." तिनं शून्य घातलं. शून्यानं भागायची पाळी येताच प्रोग्राम जागच्या जागी बंद पडला.

जन्मभर जत्रेत बासुंदी ओरपलेल्या माणसाला एवढं सुचू नये! कृष्णातला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जमणार न्हाय," हंबीरराव म्हणाले. संयोगितानं मात्र एक पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. "वाचून परत आणा."

घरी आई, अंबूबाई, तयार पैंजणांची एकेक कडी कुठं निसटतेय का म्हणून ओढून बघत होती. लहानपणापासून तो हे बघत आला होता. शिकला मात्र त्या दिवशी.

शनिवारी पुस्तक परत केलं, दुसरं मिळालं. मग दर शनिवारी. काय दिवस होते ते! एका कॉम्प्युटरपुढं दोन खुर्च्या, वर कुरकुरणारा पंखा, आणि ती दर वेळी त्याच्या प्रोग्राममध्ये खोट काढायची. चार महिन्यांनी तिला खोट सापडेना.

दसऱ्याच्या आठवड्यात आई म्हणाली, "पैंजण बघाय कोल्हापूरचं पावणं आलतं. च्या पिऊन गेलं, घेतलं काय न्हाय."

कृष्णातचं लक्षच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा मुलाखतीला बोलावलं होतं.

या वेळी हंबीररावांनी स्वतः विचारलं. तासभर. एकही उत्तर चुकलं नाही.

त्यांनी कागद बाजूला सारला. "न्हाय. हितं नोकरी न्हाय."

कृष्णातनं तो कागद पुन्हा पुढं ओढला. "काय चुकलं, साहेब?"

"काय बी न्हाय. तुझ्या आईच्या हातचा च्या बी झ्याक हुता." कॉम्प्युटरमागं तोंड लपवून बसलेल्या संयोगिताकडं हंबीररावांनी एकवार बघितलं. "माझा नियम तुला ठावं हाय. हिला मी विचारलंय. आता तू न्हाय म्हणत असशील, तर उद्यापासनं कामाला ये."