शबनमची भेट

सर्कशीत हत्ती ठेवायला कायद्यानं बंदी आली आणि वाशीमच्या जमशेद माहुताची शबनम हत्तीण दूरच्या हत्ती-केंद्रात गेली. वर्षभरानं, अगदीच राहवेना, तेव्हा जमशेद तिला बघायला गेला.

“सर्कशीतलं माणूस भेटलं की हत्ती पुन्हा आठ-आठ दिवस खाणं सोडतात,” कुंपणापाशी उभा असलेला रखवालदार बघायला आलेल्यांना सांगत होता. “म्हणून त्या लोकांना आम्ही इथं येऊच देत नाही.”

जमशेदनं ओठांवर आलेली हाक गिळली. पण शबनमला त्याचा वास लागला होता. धावत येऊन तिनं कुंपणातून सोंड बाहेर काढली आणि त्याचे गाल, खांदे चाचपू लागली.

रखवालदार चमकला. “ओळखता काय हिला?”



“नाई जी,” सोंड हळूच बाजूला सारत जमशेद म्हणाला, “आजच पाहून राह्यलो.”